सार्कोमा निघालाय: फाईल सांभाळणाऱ्याने कोणत्या क्रमाने काय करायचं

मांडीत किंवा दंडात गाठ येते. 'चरबीची असेल' म्हणून कुणीतरी ती काढून टाकतं. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येतो आणि त्यात सार्कोमा हा शब्द असतो. तिथून पुढे घरातला एक माणूस फाईल सांभाळू लागतो. कधी मुलगी, कधी भाचा, कधी नुसता इंग्रजी वाचता येतं म्हणून शेजारचा पोरगा. हा लेख त्या माणसासाठी आहे.

सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या, हाडं अशा शरीराला आधार देणाऱ्या भागांत सुरू होणारा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरांत जेमतेम एक सार्कोमा असतो, आणि त्या एकातही सत्तरहून जास्त प्रकार आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या सर्जननेही वर्षात एखाद-दुसरा पाहिलेला असतो. म्हणून सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका किमो चुकीची दिल्याने होत नाहीत, त्याच्या आधीच होतात: गाठ घाईने काढली, तुकडा नीट जपला नाही, गाठीचं नेमकं नाव ठरायच्या आत उपचार सुरू केले. नाव आधी, उपचार नंतर. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत.

गाठ आधीच काढून झाली असेल तर टप्पा ३ पासून वाचा.

## टप्पा १: गाठीला सुरी लागण्याआधी

चारपैकी एकही गोष्ट असेल तर गाठ 'साधी' धरायची नाही: ५ सेंटिमीटरपेक्षा (मोठ्या लिंबापेक्षा) मोठी, स्नायूच्या खाली खोल असलेली, वाढत चाललेली, किंवा एकदा काढून पुन्हा आलेली. दुखत नाही म्हणजे कॅन्सर नाही, हा हिशोब इथे चालत नाही. सार्कोमाची गाठ बऱ्याचदा अजिबात दुखत नाही, आणि म्हणूनच मालिश, लेप, गरम पाण्याची पिशवी यांत महिने निघून जातात.

क्रम असा ठेवा:

१. आधी गाठीच्या जागेचा एमआरआय, कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन. त्याआधी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट आहे का ते बघणारी, रक्ततपासणी लागते, ती आदल्या दिवशीच करून ठेवा.

२. एमआरआय झाल्यावर बायोप्सी. उलटं केलं तर सुईमुळे आत साचलेलं रक्त एमआरआयमध्ये दिसतं आणि गाठीची हद्द नीट ठरवता येत नाही.

३. बायोप्सीत सार्कोमा निघाला की छातीचा सीटी स्कॅन. हातापायाचा सार्कोमा पसरला तर बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो.

४. ऑपरेशनचं बोलणं या तिन्हींनंतर.

थांबा: कुणी म्हणालं, "छोटीशी आहे, जागेवरच भूल देऊन काढून टाकू, मग तपासू," तर एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर, एमआरआय आणि बायोप्सी करून मग काढली तर चालेल का?" डॉक्टरांना यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. घाईने काढलेल्या गाठीच्या जागी पेशी उरतात आणि आजूबाजूला सांडतात. मग तीच जागा पुन्हा उघडून, जुना व्रण आणि ड्रेनच्या नळीचं भोक यांच्यासकट सगळा भाग काढावा लागतो. हातापायावर पहिला छेद आडवा घेतला असेल तर हे दुसरं ऑपरेशन आणखी मोठं होतं. स्नायू उभे धावतात, आडवा छेद त्यांतल्या अनेकांना ओलांडून जातो, आणि त्वचा पुरी पडत नाही म्हणून दुसरीकडची त्वचा आणून लावायची वेळ येते.

## टप्पा २: बायोप्सी कशी हवी

सुईच्या दोन तपासण्या असतात आणि बाहेर दोन्हींना 'सुईची तपासणी' म्हणतात. इथेच गोंधळ होतो. एफएनएसीमध्ये बारीक सुईने नुसत्या पेशी ओढतात. सार्कोमाचं नाव ठरवायला त्या सहसा पुरत नाहीत. हवी असते ती कोअर बायोप्सी. त्यात जाड सुईने शेवयांसारखे बारीक, लांबट तुकडे काढतात, एक-दोन नव्हे तर चार-सहा. कागदावर 'एफएनएसी' लिहिलं असेल तर कोअर होणार आहे का, ते विचारा.

सुई कुठून घालायची हे पुढचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवलेलं बरं. सुईचा मार्ग ऑपरेशनच्या छेदाच्या ओळीत यावा लागतो, म्हणजे गाठीबरोबर तोही काढून टाकता येतो.

तुकडा लॅबमध्ये पोचवायचं काम पुष्कळ ठिकाणी नातेवाइकाच्याच हातात देतात. तसं असेल तर बाटली घेताना बघा:

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आहे ना? सलाईन, पाणी किंवा स्पिरिट चालत नाही. फॉर्मॅलिन तुकड्याच्या साधारण दहापट हवं. मोठी गाठ छोट्या बरणीत कोंबून वर दोन बोटं औषध घातलं तर आतला भाग सडतो आणि तपासणीच्या कामाचा उरत नाही. नाव, वय, तारीख आणि कुठल्या बाजूचं हे बरणीच्या अंगावर लिहिलेलं असावं, नुसतं झाकणावर नको. झाकणं बदलली जातात.

तपासा: "काढलेली गाठ पूर्ण तपासायला गेली का?" हा प्रश्न बावळटपणाचा वाटला तरी विचारा. 'चरबीच होती' म्हणून गाठ टाकून दिली जाते, आणि वर्षभराने ती पुन्हा आली की आधी काय होतं याचा कसलाच पुरावा नसतो.

## टप्पा ३: फाईल लावा

प्लॅस्टिकच्या कप्प्यांची एकच फाईल, तारखेच्या क्रमाने, सगळ्यात नवीन कागद वर. त्यात पुढच्या गोष्टी हव्यात:

- सगळे पॅथॉलॉजी रिपोर्ट, ब्लॉक नंबरसकट (ब्लॉक म्हणजे काय ते टप्पा ४ मध्ये)
- ऑपरेशन झालं असल्यास ऑपरेशनची नोंद. डिस्चार्ज कार्ड वेगळं. नोंदीत छेद कसा घेतला, गाठ अखंड निघाली की तुकड्यांत, हे असतं; डिस्चार्ज कार्डात बहुधा नसतं
- एमआरआय आणि सीटीची सीडी. नुसती फिल्म किंवा मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो पुरत नाही. सेंटरवर 'डायकॉम सीडी द्या' असं म्हणा आणि ती उघडते का ते तिथेच बघा
- रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, जुने आजार आणि ॲलर्जी
- आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, प्रत्येकी चार झेरॉक्स

सगळ्यात वर एक पान हाताने लिहा: गाठ कधी दिसली, कधी वाढली, कोणत्या तारखेला काय केलं. दहा ओळींत बसलं पाहिजे. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या हाती पहिलं हेच पान पडलं तर निम्मा वेळ वाचतो.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. आणि फाईल पेशंटपासून लपवू नका. त्याबद्दल टप्पा ६ मध्ये.

## टप्पा ४: काचा आणि ब्लॉक

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती इथेच.

तुकडा लॅबमध्ये गेला की तो मेणात बसवून एक छोटा ठोकळा करतात. तो ब्लॉक. त्या ठोकळ्याच्या केसाहूनही बारीक चकत्या कापून काचपट्टीवर लावतात आणि रंगवतात. त्या काचा, म्हणजे स्लाइड. रिपोर्ट म्हणजे त्या काचा पाहून एका डॉक्टरने लिहिलेलं मत. दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्टची झेरॉक्स दाखवली तर तो पहिल्याचं मत वाचतो. काचा आणि ब्लॉक दिले तर गाठ स्वतः बघतो. सार्कोमात दुसऱ्यांदा पाहिल्यावर नाव बदलणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि नाव बदललं की उपचारही बदलू शकतात.

म्हणून किमो किंवा मोठं ऑपरेशन सुरू व्हायच्या आत काचा आणि ब्लॉक सार्कोमा रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जायला हवेत. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडं आणि मऊ ऊतींच्या गाठींसाठी वेगळा गट आहे. तिथे सर्जन, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस ठरवतात. टाटा मेमोरियलच्याच पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, सुरू झालं. तुमच्या भागातलं कॅन्सर हॉस्पिटल या ग्रिडमध्ये आहे का हे चौकशीच्या खिडकीवर विचारता येतं.

काचा-ब्लॉक मिळवायचा क्रम:

१. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे लेखी अर्ज द्या: पेशंटचं नाव, रिपोर्टचा नंबर, 'दुसऱ्या मतासाठी सर्व स्लाइड आणि ब्लॉक मिळावेत'. सोबत रिपोर्टची झेरॉक्स आणि पेशंटच्या सहीचं संमतिपत्र. छोट्या हॉस्पिटलाने तुकडा बाहेरच्या लॅबला पाठवलेला असतो, तेव्हा आधी ब्लॉक नक्की कुठे आहे ते शोधा.

२. लॅब म्हणेल, "काचा न्या, ब्लॉक मिळणार नाही." तेव्हा भांडू नका. 'पुढे आयएचसी आणि जनुकीय तपासणी लागणार आहे' एवढं अर्जात लिहून आणा. (आयएचसी म्हणजे गाठीचा प्रकार ओळखायला चकतीवर खास रंग चढवून करतात ती तपासणी.) तरीही ब्लॉक देत नसतील तर त्याच ब्लॉकच्या न रंगवलेल्या दहा-बारा काचा कापून मागा. आयएचसीसाठी चिकट लेप दिलेल्या वेगळ्या काचा लागतात, हे सांगायला विसरू नका. साध्या काचेवरची चकती तपासणीत धुऊन जाते.

३. घेताना मोजा. रिपोर्टमध्ये ए१ ते ए६ असे सहा ब्लॉक लिहिलेत आणि हातात चार आलेत, तर तिथल्या तिथे विचारा. नंबर जुळवून कागदावर लिहा आणि त्या कागदाचा फोटो ठेवा.

४. काचा खाचांच्या प्लॅस्टिक डबीत ठेवा, रबरबँडने एकत्र बांधू नका. ब्लॉक वेगळ्या छोट्या पिशवीत.

थांबा: ब्लॉक मेणाचा असतो. हे मेण साधारण ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळतं. मे महिन्यात चंद्रपुरात किंवा अकोल्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. ब्लॉक अंगाजवळच्या पिशवीत, सावलीत. फ्रिजरमध्येही टाकायची गरज नाही.

५. दुसऱ्या हॉस्पिटलात दिल्यावर पावती घ्या, आणि काम झाल्यावर ब्लॉक परत मागा. दोन वर्षांनी आजार उलटला तर हाच ठोकळा पुन्हा लागतो. बऱ्याच जणांना ही गोष्ट तेव्हाच आठवते.

दुसरं मत यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. "इतके दिवस थांबलो तर पसरेल" ही भीती घरात असतेच. थांबणं धोक्याचं आहे का हे आपण ठरवायचं नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. नाव ठरेपर्यंत थांबायला ते बहुधा हरकत घेत नाहीत. गाठ झपाट्याने वाढत असेल, रक्तस्राव होत असेल किंवा हात-पाय बधिर पडत असेल, तर मात्र लगेच दाखवा.

## टप्पा ५: रिपोर्ट ओळ-ओळ वाचा

समजा मांडीच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये असं लिहिलंय:

*स्पिंडल सेल सार्कोमा, हाय ग्रेड. माप ८ × ६ × ५ सेंमी. मायटोसिस १२ / १० एचपीएफ. नेक्रोसिस ३० टक्के. टीएलई१ पॉझिटिव्ह, सायटोकेरॅटिन फोकल पॉझिटिव्ह, एस१०० निगेटिव्ह, डेस्मिन निगेटिव्ह. फेव्हर्स सायनोव्हियल सार्कोमा. एसएस१८ फिश ॲडव्हाइज्ड.*

स्पिंडल सेल हे नाव नव्हे, वर्णन आहे. स्पिंडल म्हणजे चाती. पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात एवढंच. डझनावारी वेगवेगळ्या गाठी अशा दिसतात. रिपोर्ट एवढ्यावरच थांबला असेल तर नाव अजून ठरलेलं नाही.

मायटोसिस १२ म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या दहा ठरावीक भागांत बारा पेशी दुभंगताना दिसल्या. नेक्रोसिस म्हणजे गाठीचा मेलेला भाग. ग्रेड यांवरूनच काढतात: पेशी मूळ ऊतीपासून किती बदलल्या याचे १ ते ३ गुण, मायटोसिसचे १ ते ३ (० ते ९ ला १, १० ते १९ ला २, २० आणि पुढे ३), नेक्रोसिसचे ० ते २ (अजिबात नाही ०, निम्म्याहून कमी १, निम्मं किंवा जास्त २). बेरीज २-३ आली तर ग्रेड १, ४-५ ला ग्रेड २, ६ ते ८ ला ग्रेड ३. सायनोव्हियल सार्कोमाला पहिल्या रकान्यात ३ गुण धरतात. म्हणून वरच्या गाठीचे ३ + २ + १ = ६, म्हणजे ग्रेड ३.

आता ती चूक, जी घरोघरी होते. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. ग्रेड सांगतो गाठ किती आक्रमक आहे. स्टेज सांगते ती किती मोठी आहे आणि कुठवर गेली आहे. ४ सेंमीची ग्रेड ३ गाठ कुठे पसरली नसेल तर हातापायाच्या सार्कोमात ती दुसऱ्या स्टेजमध्ये धरतात. उलट ग्रेड १ ची गाठ १२ सेंमीची असली तरी, पसरली नसेल तर, पहिल्याच स्टेजमध्ये राहते. फोनवर नातेवाइकांना 'तिसरी स्टेज' सांगून झाल्यावर ते परत घेणं फार अवघड जातं.

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मधला घोळही तसाच. 'टीएलई१ पॉझिटिव्ह' यात चांगलं-वाईट काही नाही. तो आयएचसीत मिळालेला, गाठीच्या ओळखपत्रावरचा शिक्का आहे. पण ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन पॉझिटिव्ह' असेल तर कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्यात, आणि ते बरं नाही. तिथे निगेटिव्ह हवं असतं. आर० म्हणजे कडा मोकळ्या, आर१ म्हणजे सूक्ष्मदर्शकात पेशी दिसल्या, आर२ म्हणजे डोळ्यांना दिसेल एवढी गाठ मागे राहिली. अंतर मिलिमीटरमध्ये आहे की सेंटिमीटरमध्ये ते नीट बघा, ०.१ सेंमी म्हणजे अवघा १ मिमी.

फेव्हर्स, सजेस्टिव्ह ऑफ, कन्सिस्टंट विथ हे शब्द पॅथॉलॉजिस्टची खात्री किती ते सांगतात. 'फेव्हर्स' म्हणजे कल त्या बाजूला आहे, शिक्का अजून मारलेला नाही. म्हणूनच शेवटी फिश ही जनुकांची तपासणी सुचवली आहे. एसएस१८ जनुकात मोडतोड दिसली तर सायनोव्हियल सार्कोमा पक्का. (या नावावरून 'सांध्याचा कॅन्सर' असा अर्थ लावू नका. सांध्याच्या अस्तराशी त्याचा संबंध नाही. नाव जुनं आहे, तेच चालू राहिलं.)

तपासा: पुढे जाण्याआधी पाच उत्तरं लिहिलेली हवीत: नेमकं नाव, ग्रेड, माप, कुठे पसरला आहे का, आणि कोणती तपासणी बाकी आहे. एकही जागा रिकामी असेल तर डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच.

इंटरनेटवर शोधायचं असेल तर ही पाच उत्तरं मिळाल्यावर. नुसतं 'सार्कोमा' टाकून येणारे जगण्याचे टक्के सत्तर आजारांची खिचडी असते. नाव अर्धवट टाइप केलं तर सार्कॉइडोसिस नावाचा, कॅन्सर नसलेला आजारही समोर येतो, आणि घरातले दोन दिवस त्यातच रमतात.

## टप्पा ६: पेशंटला सांगणं

"त्यांना काही सांगू नका, खचतील." हे वाक्य प्रत्येक ओपीडीच्या बाहेर ऐकू येतं. पण संमतिपत्रावर सही पेशंटची लागते, आणि हॉस्पिटलच्या पाटीवर कॅन्सर लिहिलेलं असतं. बाकावर शेजारी बसलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "तुमचा कसला?" लपवलेलं असं कळलं की पेशंट पुढचंही काही खरं मानत नाही.

आधी किती ऐकायचंय ते विचारा. टीव्ही बंद, खोलीत दोनच माणसं.

"काकू, रिपोर्ट आलाय. सगळं सांगू की आज थोडंच?"

"मला काय करावं लागणार तेवढं सांग."

"गाठ साधी नाही, कॅन्सरची आहे. सार्कोमा म्हणतात. आणखी कुठे गेलाय का ते छातीच्या स्कॅनवरून गुरुवारी कळेल. काचा टाटाला दिल्यात. त्यांचं मत येईपर्यंत ऑपरेशन ठरणार नाही."

मग थांबायचं. गप्प बसणं जड जातं, पण लगेच 'काही होत नाही, बऱ्या व्हाल' म्हणून ती जागा भरायची नाही. प्रश्न काकूंकडून येऊ द्या. 'मी वाचेन का?' असं विचारलं तर टक्के सांगू नका आणि खोटंही बोलू नका: "ते डॉक्टरांना विचारू, मी तुमच्याबरोबर असेन."

समजलं का हे तपासायला "कळलं ना?" विचारून उपयोग नाही, त्याला सगळे 'हो' म्हणतात. संध्याकाळी बहिणीचा फोन आला की काकूंनाच बोलू द्या आणि ऐका. "स्कॅन झाल्यावर ठरवणार म्हणतात" असं त्या सांगत असतील तर पोचलं. "ऑपरेशन करून पाय कापणार" असं सांगत असतील तर एक गोष्ट चुकीची पोचली आहे, तेवढीच दुरुस्त करा. हातापायाच्या सार्कोमात बहुसंख्य पेशंटचा हात-पाय वाचवूनच गाठ काढता येते, हे त्यांना माहीत नसतं.

'हात लावला तर लागेल का', 'मुलांना होईल का' हे प्रश्न मनात असतात आणि बाहेर येत नाहीत. न विचारता सांगून टाका: सार्कोमा स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. घरात कमी वयात कॅन्सर झालेले आणखी लोक असतील तर मात्र डॉक्टरांना तशी यादी द्या. काही प्रकारांत जनुकीय सल्ला लागतो.

## टप्पा ७: डॉक्टरांची भेट

मोठ्या सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात सकाळपासून थांबून आत दहा मिनिटं मिळतात. प्रश्न पाचच न्या, मोठ्या अक्षरात लिहून:

१. या गाठीचं नेमकं नाव पक्कं झालं का? कोणत्या तपासणीने?
२. उपचार कशासाठी: पूर्ण बरं करायला, की आजार आवरून त्रास कमी करायला?
३. क्रम काय: आधी ऑपरेशन, आधी रेडिएशन की आधी किमो, आणि तसा का?
४. हा उपचार घेतला नाही तर काय होईल?
५. रात्री त्रास झाला तर कुठे फोन करायचा आणि कुठे जायचं?

दुसरा प्रश्न पेशंटच्या समोर विचारायचा का हे आधी पेशंटलाच विचारून घ्या. आत दोघं जा: एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर परवानगी घेऊन.

पाळी चालू असलेल्या बाईने किंवा अजून मुलं हवी असलेल्या तरुण पेशंटने सहावा प्रश्न घालावा: किमोआधी वीर्य किंवा स्त्रीबीज साठवता येईल का? किमो सुरू झाल्यावर हा प्रश्न विचारून फारसा उपयोग नसतो, आणि डॉक्टर गडबडीत असतील तर तो राहून जातो.

## टप्पा ८: उपचार समजावताना

नावाप्रमाणे उपचार कसे बदलतात ते पेशंटला दोन उदाहरणांत सांगा, म्हणजे 'शेजारच्याला गोळीवर बरं वाटलं, मला का नाही' हा प्रश्न मिटतो. पोटातल्या जीआयएसटी (हाही सार्कोमाचाच एक प्रकार) गाठीला इमॅटिनिब गोळी चालते, नेहमीची किमो फारशी नाही. आणि गोळीचा डोस किती, ती लागू पडेल का, हे जनुकातला कोणता भाग बदललाय त्यावर ठरतं. डेस्मॉइड गाठ दुसऱ्या अवयवांत पसरतच नाही, तिच्यावर कधीकधी नुसती नजर ठेवतात.

रेडिएशन. बरेच लोक त्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. शेक म्हटल्यावर वयस्कर पेशंट भाजेल म्हणून घाबरतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही हे सांगा. ऑपरेशनआधी दिलं तर साधारण २५ बैठका, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. मग चार ते सहा आठवडे थांबून ऑपरेशन. नंतर दिलं तर ३० ते ३३ बैठका. आधी दिल्यावर जखम भरायला जास्त त्रास होतो, नंतर दिल्यावर पुढे तो भाग जास्त कडक होतो. त्वचेवर काढलेल्या खुणा घासून पुसू नका आणि त्या जागी तेल-हळद लावू नका.

किमो. सार्कोमात वारंवार वापरली जाणारी डॉक्सोरुबिसिन लाल रंगाची असते. सुरू करण्याआधी हृदयाची टू-डी इको लागते आणि आयुष्यभरात किती द्यायची याला मर्यादा आहे. म्हणून आधी कुठे किमो घेतली असेल तर त्या डोसचा कागद फाईलमध्ये हवाच. ही घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते औषध आहे, रक्त नव्हे. पण तिच्याबरोबर आयफोस्फामाइड हे किमोचं दुसरं औषध चालू असेल आणि लघवीला जळजळ होत असेल, गुठळ्या दिसत असतील, किंवा लाली दोन दिवसांपुढे राहिली, तर ते रक्त असू शकतं. आयफोस्फामाइडवर पेशंट असंबद्ध बोलू लागला किंवा फार झोपाळला तर 'थकवा असेल' म्हणून सोडू नका, नर्सला लगेच सांगा.

थांबा: किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीने ताप उतरतो, आतला जंतुसंसर्ग उतरत नाही, आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना काही तासांत जिवावर बेतू शकतं. घरात चालू थर्मामीटर हवा. जवळच्या हॉस्पिटलात गेलात तर पहिलं वाक्य हेच: "किमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला."

## टप्पा ९: पैसे आणि राहणं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, पण योजनेतल्या हॉस्पिटलात आणि आधी मंजुरी घेऊन. ॲडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा. आधी रोख भरून नंतर बिल लावू, असं इथे होत नाही. तुमचा उपचार कोणत्या पॅकेजात बसतो आणि बाहेरून काय आणावं लागेल हेही तेव्हाच विचारा. महागड्या जनुकीय तपासण्या आणि काही औषधं बाहेर राहतात. गोव्यातल्या पेशंटसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.

उपचाराला जाता-येताना कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं माफ होतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं. पहिल्याच भेटीत मागून ठेवा.

मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्हीकडे गर्दी असते आणि हॉस्पिटलची कागदपत्रं विचारतात, म्हणून बॅगा घेऊन थेट पोचण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. मूल आजारी असेल तर तिथेच सेंट ज्यूडच्या केंद्रांबद्दल (कॅन्सर झालेल्या मुलांची आणि त्यांच्या आई-वडिलांची राहायची सोय करणारी केंद्रं) विचारा.

## टप्पा १०: उपचार संपल्यावर

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, असा साधारण क्रम असतो. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख वेगळी असेल तर तीच पाळा. प्रत्येक वेळी ऑपरेशनची जागा हाताने तपासतात आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी काढतात. 'एवढं बरं आहे, छातीचा फोटो कशाला' असं घरी वाटतं, पण फुप्फुसातला ठिपका लहान असताना खोकला येत नाही, दमही लागत नाही. एक-दोन ठिपके असतील तर ते ऑपरेशनने काढणंही कधीकधी शक्य असतं.

महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी व्रणाच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून बघा. नवा टणकपणा लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि प्रत्येक वेळी जुन्या स्कॅनच्या सीडी बरोबर न्या, विशेषतः दुसऱ्या सेंटरवर सीटी काढणार असाल तर. ४ मिलिमीटरचा ठिपका नवा की दोन वर्षांपासून तसाच, हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय रेडिऑलॉजिस्टला सांगता येत नाही. मग रिपोर्टवर 'तीन महिन्यांनी पुन्हा करा' लिहून येतं, आणि ते तीन महिने घरात कुणाला नीट झोप लागत नाही.